माळ गळ्यात आणि दोष अंगात : अशा माणसाला आलेला कृपेचा अनुभव खरा मानावा का?

काउंटरमागचा

माळकरी माणसाकडून आमच्या भागात काही ठरलेल्या अपेक्षा असतात. त्याने एकादशी धरावी, मद्य-मांस वर्ज्य करावे, खोटे बोलू नये, परस्त्रीला मातेसमान मानावे आणि जमेल तशी पंढरीची वारी करावी. यांपैकी खाण्यापिण्याचे नियम मला कधीच जड गेले नाहीत. जड जातात ते बाकीचे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे हार्डवेअरचे दुकान आहे. भाव सांगताना माझी जीभ वाकडी होते, हाताखालच्या मुलांवर आवाज चढतो आणि सख्ख्या भावाशी बांधावरून धरलेला अबोला माझ्याने सोडवत नाही. मटण खायचे असले की माळ काढून खुंटीला अडकवणारे आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पुन्हा गळ्यात घालणारे लोक आमच्याकडे आहेत, आणि आम्ही त्यांना हसतो. खोटा भाव सांगताना मी मात्र माळ काढत नाही, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक आहे.

असे असूनही देवाने माझ्यावरचा हात काढून घेतलेला नाही, असे मला रोजच्या व्यवहारात वारंवार जाणवते. मी चमत्काराविषयी बोलत नाही. उधारी थकून मेटाकुटीला आलो असताना एखादे विसरलेले गिऱ्हाईक आपणहून पैसे आणून देते. सकाळी ज्या मुलाला चारचौघांत बोललो, तोच दुपारी घरून माझा डबा घेऊन येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही. मनात विष भरलेले असताना हरिपाठाला बसावे आणि उठताना ते बरेचसे उतरलेले असावे, असेही घडते. यातले काहीही माझ्या लायकीने मिळालेले नाही, हे मला स्वच्छ दिसते. कीर्तनात मात्र मी बहुधा उलटा क्रम ऐकतो : आधी चित्तशुद्धी, नंतर कृपा.

म्हणून जाणकारांना विचारतो. ज्याचे दोष अजून सुटलेले नाहीत, त्याला आलेला असा अनुभव खरा मानावा, की ती त्याने स्वतःची घातलेली समजूत समजावी? आणि खरा मानला, तर तो माणसाकडून काही मागतो का?

शंकेखोर

लेखन प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. ज्या महिन्यांत कोणीही आपणहून पैसे आणून दिले नाहीत, त्या महिन्यांची नोंद आपण कोणत्या खात्यावर करता? आठवणीत राहते ते अनपेक्षित मिळालेले. न मिळालेले आपण नशिबाच्या, मंदीच्या किंवा गिऱ्हाइकाच्या नावावर टाकतो. एवढ्यावर कृपेचा सिद्धान्त उभा राहत नाही.

डबा आणणाऱ्या मुलाविषयी तर मला स्पष्टच लिहावेसे वाटते. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता याचे साधे कारण असे असू शकते की, मालकाला राग दाखवणे त्याला परवडत नाही.

पाटीपेन्सिल

डब्याचा मुद्दा झोंबणारा आहे, पण तो खोडता येत नाही.

सांजवात

शंकेखोर यांचा हिशेब बरोबर असेलही, पण कृपा ही खातेवहीतच शोधायची वस्तू आहे, हे त्यांनी कशावरून ठरवले?

मला या प्रश्नात पहिल्यांदा आठवतात त्या जनाबाई. गंगाखेडची ही बाई पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्या नावावर असलेल्या रचनांमध्ये विठ्ठल दळू लागतो, कांडू लागतो, शेणी वेचतो, पाणी भरतो आणि तिची वेणीसुद्धा घालतो. गाभाऱ्यातल्या मूर्तीसमोर ताटकळत उभे राहून मिळालेले हे दर्शन नव्हे. कंबर मोडणाऱ्या कामात कोणीतरी दुसरा हात लावतो आहे, हाच तिचा कृपेचा अनुभव आहे. ती काही नेहमी सोशिक आणि गोड बोलणारीही नाही. प्रसंगी विठ्ठलाला शिव्या घालते, त्याच्या नावाने खडे फोडते आणि पुन्हा त्यालाच हाक मारते. राग येणाऱ्या, कावलेल्या माणसाला देव टाळतो, असे तिच्या वाणीवरून तरी दिसत नाही.

आमच्या स्वयंपाकघरातही विठ्ठलाची तसबीर आहे. तिच्यासमोर उभी राहून मी एकटीच पोळ्या लाटते आणि घरातली बाकीची मंडळी बाहेर भक्तिसंगीत ऐकत असतात. त्यामुळे मला आलेल्या कृपेचा अनुभव अगदी थोडक्यात सांगता येईल : ज्या दिवशी सासूबाईंनी काही न बोलता कणीक मळून ठेवली होती, त्या दिवशी तो आला. ती कृपा होती की माणुसकी, हा वाद पोळ्या झाल्यानंतर करावा.

पायरीजवळ

मूळ प्रश्नातला क्रम, म्हणजे आधी शुद्धी आणि मग कृपा, हा वारकरी परंपरेतला एकमेव क्रम नाही. किंबहुना संतांनी या क्रमावरून देवाशी उघड भांडण केले आहे. नामदेवांचा एक प्रसिद्ध अभंग आहे. त्यात ते देवाला म्हणतात की, पतितपावन हे तुझे नाव ऐकून मी दाराशी आलो, पण तू तसा नाहीस म्हणून परत निघालो आहे. तुकोबांचा युक्तिवाद त्याहून व्यापारी आहे : पतितच नसते तर तुला हे बिरूद कोणी दिले असते? म्हणजे भक्त स्वतःचा दोष लपवत तर नाहीच, उलट तोच दावा म्हणून पुढे करतो.

गीतेच्या नवव्या अध्यायात, अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समजावे, असे म्हटले आहे. या श्लोकावर ज्ञानेश्वर माउली सांगतात की, असा माणूस अनुतापाच्या तीर्थात न्हाऊन माझ्यात येतो. येथे अट शुद्धीची नाही, अनुतापाची आहे. फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण शुद्धी झाली की नाही हे ठरवायला जन्म जातो आणि अनुताप आज संध्याकाळीही होऊ शकतो.

मात्र दुसरी बाजू लपवणे योग्य होणार नाही. अजामिळाने मरताना मुलाला ‘नारायण’ अशी हाक मारली आणि तो तरला, ही भागवतातली कथा सांगून अनेक जण निर्धास्त होतात. ज्या परंपरेने ही कथा सांगितली, तिनेच नामाचे दहा अपराधही मोजले आहेत आणि नामाच्या बळावर पाप करणे हा त्यांतला एक आहे.

माडाखाली

आमच्या सिंधुदुर्गात या प्रश्नावर ग्रंथ उघडत नाहीत, गाऱ्हाणे घालतात. देवळात किंवा अंगणात सगळे जमले की गाऱ्हाणे घालणारा बारा-पाचाच्या देवाला नावे घेऊन साद घालतो आणि घरादाराचे, गुराढोरांचे, मुंबईला गेलेल्या मुलाबाळांचे रक्षण मागतो. त्यात एक वाक्य हमखास असते : ‘काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा.’ त्यावर सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. चूक झाली का, कोणाची झाली, किती झाली, याची चौकशी होत नाही; ती झालेलीच असणार हे गृहीत धरूनच मागणे पुढे सरकते.

घरोघरच्या पूजेतही हेच आहे. पूजेच्या शेवटी आपण ‘आवाहनं न जानामि’पासून ‘मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं’पर्यंत जे म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की, आत्ता केलेली पूजा धड झालेली नाही आणि ती तूच पुरी करून घे. म्हणजे आपल्या उपासनेने माणसाच्या उणेपणासाठी विधीतच जागा ठेवलेली आहे. काउंटरमागचे दादा जिला विसंगती समजत आहेत, ती दर गणेश चतुर्थीला घराघरांत मोठ्याने म्हटली जाते.

पाटीपेन्सिल

आमचे गुरुजी ती क्षमाप्रार्थना इतक्या वेगाने म्हणतात की, तिच्यासाठी आणखी एक क्षमाप्रार्थना म्हणावी लागेल.

शंकेखोर

माडाखाली यांचे वर्णन आवडले, पण माझी अडचण नेमकी तेथेच आहे. ‘चुकले-माकले’ पदरात घ्यायला देवाला सांगणे सोपे आहे, कारण फसवलेले गिऱ्हाईक त्या अंगणात उभे नसते. ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून तिसऱ्याकडून मिळवलेली माफी मला सोयीची वाटते. सोय आणि कृपा यांत फरक करायचा असेल तर तो कसा करायचा, हे येथील आस्तिक मंडळींनी सांगावे.

आश्दोदहून

शंकेखोर यांच्या प्रश्नावर आमच्या धर्मात एक स्पष्ट नियम आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली आहे. माझे आजी-आजोबा अलिबागकडचे, आणि आम्ही इस्राएलमध्ये असलो तरी घरात मोठ्या माणसांशी मराठीच बोलतो. योम किप्पूर हा आमचा प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणात असताना आमचे लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन उपास आणि प्रार्थना करत. मिश्ना या आमच्या प्राचीन नियमग्रंथात असे सांगितले आहे की, माणूस आणि परमेश्वर यांच्यामधल्या अपराधांचे प्रायश्चित्त या दिवशी होते, पण माणसामाणसांमधल्या अपराधांचे होत नाही. त्यासाठी ज्याचा अपराध केला त्याची समजूत आधी काढावी लागते. म्हणून सणाच्या आधीच्या दिवसांत लोक एकमेकांना भेटून किंवा दूरध्वनी करून क्षमा मागतात. काही जण ते उरकून टाकतात, हेही खरे आहे, आणि मीसुद्धा काही दूरध्वनी केवळ उरकलेले आहेत.

पण हा नियम म्हणजे परमेश्वर दूर उभा राहून आपल्या हिशेबाची वाट पाहतो, असे आम्हाला शिकवलेले नाही. काही चांगले घडले, आजारातून कोणी उठले, नवस फिटला की आमच्याकडे मलिदा करतात. गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे घातलेले पोहे, वर फळे, आणि एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलियाहू, यांचे स्मरण. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूंच्या रथाची खूण आहे, असे आमचे लोक मानतात आणि इस्राएलहून गेलेली मंडळीही तेथे जाऊन येतात. मलिद्याच्या ताटाभोवती बसलेल्यांपैकी कोणी आपली लायकी सिद्ध करून बसलेले नसते. आमच्या घरी तरी आभार आधी मानले जातात आणि भांडणे त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू होतात.

सांजवात

आश्दोदहून ताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून आमच्याकडची सत्यनारायणाची पूजा डोळ्यांसमोर उभी राहिली.

निळी पहाट

चर्चा चांगली चालली आहे, पण तिच्यात एक अनुपस्थिती मला खटकते. ‘पतित’ हे बिरूद नामदेव आणि तुकोबा स्वतःहून घेतात. चोखोबांना ते जन्माबरोबर चिकटवले गेले. दोष त्यांच्या वागण्यात नव्हता. तरीही त्यांना पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर उभे राहावे लागले. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी नामदेव पायरीजवळ, म्हणजे पुन्हा दाराबाहेरच आहे. देवाची त्यांच्यावर कृपा होती असे सांगणाऱ्या कथा पुष्कळ आहेत, पण त्या कृपेने त्यांचे वेठीचे काम सुटले नाही आणि दारही उघडले नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये उपोषण करावे लागले. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याच्या नावावरच्या अभंगांत या अवस्थेविषयी देवाला विचारलेले जाब आहेत. ते कीर्तनात फारसे ऐकू येत नाहीत.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या संतांविषयी त्यांच्या मनात आदर होता, पण मार्ग त्यांनी वेगळा निवडला. आम्ही बौद्ध आहोत, आणि आमच्याकडे चुकीची क्षमा वरून येत नाही. शील मोडले तर ते पुन्हा स्वतःच उचलायचे असते. म्हणून काउंटरमागचे यांना माझा प्रश्न असा आहे : जे चांगुलपण तुम्हाला दुकानातल्या मुलाकडून मिळाले, त्याचे श्रेय देवाला देताना त्या मुलाचे श्रेय कोठे गेले?

पायरीजवळ

निळी पहाट यांनी लिहिलेले कोणत्याही वारकऱ्याने मान खाली घालून वाचावे असे आहे. एकच भर घालतो. चोखोबांच्या स्वतःच्या काही अभंगांत आपला जन्म हे पूर्वकर्माचे फळ मानलेले आहे, आणि ते वाचताना त्रास होतो, कारण बाहेरून लादलेला दोष त्यांनी आत घेतलेला दिसतो. कृपेविषयी बोलताना, ज्याला अपराधी वाटायचे कारणच नाही त्याला आपण अपराधी ठरवत नाही ना, हे प्रत्येक कीर्तनकाराने तपासावे असे मला वाटते.

कावेरीतीर

मी चेन्नईत राहतो. आमचे घराणे तंजावरच्या मराठी घराण्यांपैकी एक. लहानपणापासून आजूबाजूला श्रीवैष्णव, म्हणजे रामानुजाचार्यांना मानणारी विष्णुभक्त मंडळी असल्यामुळे हा वाद मी वेगळ्या रूपात ऐकत आलो आहे. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या आणि तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या आचार्यांनी नेमका हाच प्रश्न लढवला. वेदान्तदेशिकांना मानणारी वडकलै शाखा माकडाच्या पिल्लाचा दृष्टान्त देते : आई झेप घेते हे खरे, पण पिल्लाने तिला घट्ट धरलेले असते. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारी तेन्कलै शाखा मांजरीचा देते : पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून उचलते.

इथपर्यंतचे पुष्कळांना माहीत असते. दोषाविषयीचा मतभेद मात्र क्वचित सांगितला जातो. परमेश्वर शरणागताच्या दोषांकडे दुर्लक्ष करतो, असे वडकलै मानतात. तेन्कलै आचार्य त्याहून पुढे जातात. नुकत्याच व्यालेल्या गाईला वासराच्या अंगावरचा मळ चाटण्यात जसा आनंद असतो, तसा परमेश्वराला भक्ताच्या दोषांतच आनंद मिळतो, असे ते सांगतात. हे मत इतके धीट आहे की, मुद्दाम दोष वाढवावेत काय, असा प्रश्न त्यांना लगेच विचारला गेला. त्यांनी अर्थातच नाही म्हटले. पिल्लू काही आईने उचलावे म्हणून चिखलात जाऊन लोळत नाही. कपाळावरच्या तिलकाचा आकारही या दोन शाखांमध्ये वेगळा आहे, आणि कोणत्या देवळावर कोणाचा तिलक असावा यावर न्यायालयात खटले चालले आहेत. कृपेवरचा वाद कोर्टापर्यंत जातो, यावर शंकेखोर यांना काय म्हणायचे ते म्हणू द्यावे.

शंकेखोर

मी काहीही म्हणणार नाही. तेवढी कृपा माझ्याकडून समजावी.

बावखलाकाठी

वसईच्या ख्रिस्ती घरातला मी. आमच्याकडे या विषयावर उधळ्या पुत्राचा दाखला हमखास निघतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तो आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सर्व उधळतो, डुकरे राखायची वेळ येते आणि मग घरी परततो. तो क्षमेचे वाक्य पुरते बोलायच्या आतच बाप त्याला गळामिठी घालतो. प्रवचन बहुधा येथे संपते. मला त्यातला थोरला मुलगा अधिक जवळचा वाटतो. तो कधी घर सोडून गेला नाही, सगळी कामे केली, आणि भावासाठी मेजवानी चालली आहे हे कळल्यावर अंगणातच थांबला. बाप त्याचीही मनधरणी करायला बाहेर येतो. शेवटी तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही.

काउंटरमागचे दादा स्वतःला धाकट्याच्या जागी ठेवून प्रश्न विचारत आहेत. भावाशी असलेल्या अबोल्याचा उल्लेख वाचून मला शंका येते की, त्या प्रकरणापुरते ते थोरल्याच्या जागी असावेत. जो आपल्या दोषांसाठी कृपा मानतो, त्याला दुसऱ्याच्या दोषांसाठी हिशेब आठवतो, असे माझ्या स्वतःच्या बाबतीतही घडते. तरुणपणी मी पापनिवेदनाला जाताना पत्नीचे दोष अधिक तपशिलाने सांगत असे. एकदा धर्मगुरूंनी शांतपणे सांगितले की, त्यांचे निवेदन त्या स्वतः करून गेल्या आहेत.

पाटीपेन्सिल

बावखलाकाठी, हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला आणि आता जेवण वाढले जाण्याची वाट पाहत आहे.

इंद्रायणीचा गाळ

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे हा अनुभव माणसाकडून काय मागतो याकडे, कोणी फारसे वळलेले नाही. तुकोबा हे स्वतः वाणी होते, दुकान आणि सावकारी दोन्ही घरात होती. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यांचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी व मुलगा दगावले. त्यानंतरची हकीकत परंपरेने अशी जपली आहे की, लोकांकडून येणे असलेली कर्जखते त्यांनी बाहेर काढली, निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याच्या हवाली केली आणि स्वतःच्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडून दिली.

या प्रसंगातला मला सर्वांत आवडणारा भाग भावाच्या वाट्याचा आहे. तुकोबांनी स्वतःच्या वैराग्याचा खर्च भावावर टाकला नाही. कृपा झाली म्हणून दुसऱ्याचे नुकसान करण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही, आणि आपले येणे मात्र सोडले. ज्याला न मागता मिळाले आहे असे वाटते, त्याने आपले येणे थोडे सैल सोडावे, एवढे यातून मला समजते.

आजचा दिवस

मी वाचत होतो. लिहावे की नाही हे ठरत नव्हते. मी दारू सोडलेल्या माणसांच्या सभेला जातो, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या नावाने ती ओळखली जाते. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन येथे दोन दारुड्यांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली आणि मराठीतूनही तिच्या सभा चालतात. तेथे कोणी वरून उपदेश करत नाही. पहिली पायरीच अशी आहे की, दारूपुढे आपले काही चालत नाही हे मान्य करायचे. पुढे ज्याला ज्या रूपात परमेश्वर उमगला असेल त्याच्या हाती स्वतःला सोपवायचे, आणि ज्याला देव मान्य नसतो तो आपल्या गटालाच स्वतःहून मोठी शक्ती मानतो.

शंकेखोर आणि आश्दोदहून यांनी जो मुद्दा मांडला, तो आमच्या आठव्या व नवव्या पायरीत आहे. ज्यांचे आपण वाईट केले त्यांची यादी करायची आणि शक्य तेथे थेट भरपाई करायची. त्याला एक अपवाद लिहून ठेवला आहे : भरपाई केल्याने त्या माणसाला किंवा इतरांना इजा होणार असेल, तर ती करायची नाही. हा अपवाद महत्त्वाचा आहे, कारण आपले मन हलके व्हावे म्हणून दुसऱ्याचे जुने घाव उकरून काढणे, हीसुद्धा एक नशा असते. माझ्या यादीत एक नाव असे आहे की, त्या व्यक्तीने मला भेटायला नकार दिला. मी ते मान्य केले. तिचा नकार हा तिचा अधिकार आहे, आणि तरीही मी त्या रात्री प्यायलो नाही. याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. मी कृपा म्हणतो, कारण माझ्या निर्धाराची पत मला चांगली माहीत आहे.

निळी पहाट

आजचा दिवस, हा प्रतिसाद मनाला भिडला. कृपा हा शब्द मी वापरणार नाही, पण तुमच्या सभेच्या खुर्च्या कोणीतरी रोज मांडून ठेवतो, हे मला पुरेसे वाटते.

काउंटरमागचा

सर्वांचे प्रतिसाद दुकान बंद केल्यावर सावकाश वाचले. क्रमाने उत्तर देत नाही, जेवढे उमजले तेवढे लिहितो.

शंकेखोर आणि निळी पहाट यांचा डब्याचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. त्या मुलाची सहनशीलता मी परस्पर देवाच्या नावावर जमा केली होती. ती त्याच्याच नावावर असायला हवी. यापुढे त्याला काय देणे लागतो हा माझ्यातला आणि त्याच्यातला व्यवहार आहे, त्यात पांडुरंगाला जामीन ठेवणार नाही.

पण अनुभव खोटा होता, हे मात्र मी मान्य करत नाही. पायरीजवळ यांच्या प्रतिसादावरून मला माझा घोळ कळला. मी कृपेकडे माझ्या वागण्याचा दाखला म्हणून पाहत होतो. देव पाठीशी आहे, म्हणजे आपले फारसे चुकत नसावे, असा अर्थ मी नकळत काढत होतो, आणि मग दोष दिसले की अनुभवावरच शंका घेत होतो. कृपा हा दाखला नसेल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात : भाव खोटा सांगितला हेही, आणि त्याच रात्री हरिपाठात मन निवले हेही. कावेरीतीर यांच्या मांजरीचे मत मला पटायला सोपे आहे, म्हणूनच त्यापासून जरा जपून राहीन.

भावाविषयी बावखलाकाठी यांनी ओळखले ते खरे आहे. मला अजून अंगणातच थांबावेसे वाटते. भावाकडे मी उद्या जाईन असे लिहिले तर ते या धाग्यापुरते खोटे ठरेल. उधारीच्या वहीचे म्हणाल, तर ती नदीत सोडण्याइतकी माझी तयारी नाही. तिच्यातली काही नावे मात्र अशी आहेत की, त्यांच्याकडे यापुढे तगादा लावणार नाही.

पाटीपेन्सिल

त्या नावांत माझे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.

शंकेखोर

काउंटरमागचे, कृपा हा दाखला नव्हे, हे तुमचे वाक्य मला नास्तिक असूनही वापरता येईल, कारण यशाच्या बाबतीतही लोक तीच चूक करतात. आपला मतभेद कायम आहे, पण आता तो लहान झाला आहे.

कावेरीतीर

मांजरीपासून जपून राहण्याची गरज नाही. तेन्कलै आचार्यांना कोणी विचारले असते की, मग साधना कशाला करायची, तर ती कृपा मिळवण्यासाठी नसून मिळाल्यामुळे करायची, असेच उत्तर मिळाले असते. ती कैंकर्य आहे, म्हणजे आनंदाने केलेली सेवा. वडकलै मंडळी यावर मान हलवतील आणि म्हणतील की, निदान आईला धरण्याइतके तरी कर. दोन्ही घरांतली माणसे सकाळी उठून तीच पूजा करतात.

सांजवात

आणि दोन्ही घरांत पूजेची भांडी घासणारी बाई हा वाद ऐकत असते.

ओसरी

मी येथे प्रथमच लिहीत आहे. आजचा दिवस यांना विचारायचे आहे. माझे यजमान पितात. ते देव मानत नाहीत आणि देवाचे नाव काढले की उठून जातात. अशा माणसाला तुमच्या सभेत घेतात का? फी किती असते? आणि ते आलेच नाहीत तर मी काय करावे?

आजचा दिवस

ताई, सभासदत्वाची एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. देव मानण्याची अट नाही आणि फी नाही. सभेत स्वेच्छेने कोणी काही टाकले तर टाकतो. त्यांना ओढून आणू नका, पत्ता मात्र घरात दिसेल असा ठेवा. ते आले नाहीत तरी तुम्ही स्वतःसाठी जाऊ शकता. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात आणि तेथे पिणारा माणूस बरोबर असावा लागत नाही. तुम्ही कोणत्या जिल्ह्यात आहात ते मला व्यक्तिगत निरोपाने कळवा, म्हणजे जवळची सभा कोठे आणि कोणत्या वारी असते हे विचारून सांगतो.